एचपीव्हीच्या लशीत नॅनोपार्टिकल असतात म्हणे, मुलीला द्यावी का?

शिलाई_आणि_संसार

नमस्कार सगळ्यांना. मी सोलापूरची, अशोक चौकाजवळ राहते, शाळेच्या युनिफॉर्मचं शिलाईकाम करते. मुलगी आठवीत आहे, तेरावं संपत आलंय. मागच्या वेळी ताप आला म्हणून दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं की गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची, म्हणजे एचपीव्हीची लस पंधराच्या आत दिलेली बरी, डोस पण कमी लागतात. माझी मनातून तयारी झाली होती.

आता आमच्या वर्गाच्या आयांच्या ग्रुपवर एक भला मोठा मेसेज फिरायलाय की ह्या लशींत नॅनोपार्टिकल घालतात, ते इतके बारीक असतात की रक्तातून मेंदूत आणि अंडाशयात जाऊन बसतात, कायमचे राहतात आणि पुढं मुलींना मूल होत नाही. कोविडच्या लशीत पण हेच होतं असं लिहिलंय. सासूबाईंनी तो वाचून घेतला आणि आता घरात रोज हाच विषय. त्या वाईट नाहीत, नातीची काळजी आहे त्यांना, पण मला त्यांना काय सांगावं तेच कळेना झालंय. मला एवढंच पाहिजे की कुणी माहितगार माणसानं नीट सांगावं, ह्या लशीत असले कण असतात का नाही, आणि असतील तर ते अंगात राहतात का. उगाच घाबरू नका एवढंच सांगायचं असेल तर नका सांगू, ते ऐकून झालंय.

फार्मसी_शिकवतो

ताई, मी फार्मसी कॉलेजला शिकवतो, औषध शरीरात योग्य जागी कसं पोचवायचं हाच माझा विषय आहे, म्हणून जरा लांब लिहितोय, सवडीनं वाचा.

आधी सरळ उत्तर. हो, एचपीव्हीच्या लशीत कण असतात आणि ते नॅनो मापाचेच असतात, साधारण ५५ ते ६० नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर, इतकं हे बारीक प्रकरण आहे. पण तो कण कशाचा बनलाय हे त्या मेसेजमध्ये कुठंच नसणार, आणि सगळं तिथंच अडलेलं असतं. हा कण धातूचा नाही, प्लॅस्टिकचा नाही, निव्वळ प्रोटीनचा आहे. हा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या बाहेरच्या कवचात एल-वन नावाचं एक प्रोटीन असतं, यीस्टच्या पेशींमध्ये त्याचा जनुक घातला की त्या पेशी ते प्रोटीन तयार करून देतात आणि मग ही प्रोटीनं आपली आपणच एकमेकांना धरून गोल कवच बनवतात, ३६० प्रोटीनं मिळून एक कण. आत विषाणूचा डीएनए नसतोच. शेंगेचं टरफल आहे पण आत दाणा नाही असं समजा, पेरलं तरी उगवणार नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात इयान फ्रेझर आणि जियान झोऊ ह्या दोघांनी १९९१ मध्ये असं कवच प्रयोगशाळेत जुळवून दाखवलं, पुढं २००६ ला गार्डासिल नावाची लस आली. आपल्या पुण्याच्या सीरमच्या सर्वाव्हॅक लशीला २०२२ ला परवानगी मिळाली, तिचंही तत्त्व हेच.

आता कण कशाला, नुसतं प्रोटीन का टोचत नाहीत? तेच महत्त्वाचं आहे. सुटं सुटं प्रोटीन टोचलं तर शरीर त्याच्याकडं फारसं लक्ष देत नाही. विषाणूचं खरं कवच कसं असतं, तोच नमुना परत परत, ठरावीक अंतरावर, सगळ्या बाजूंनी. आपल्या रक्तातल्या बी पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी, कोट्यवधी वर्षं असल्या रचनेला ओळखायला शिकलेल्या आहेत, कारण आपल्या अंगातल्या कुठल्याच गोष्टीची रचना अशी नसते. एका पेशीवरचे बरेच संवेदक एकाच कणाला एकाच वेळी चिकटले की पेशी जोरात जागी होते आणि वर्षानुवर्षं अँटिबॉडी बनवत राहणाऱ्या पेशी तयार होतात. दुसरं म्हणजे मापाचा फायदा. साधारण २० ते २०० नॅनोमीटरचे कण दंडातून लसिकावाहिन्यांत शिरतात आणि थेट काखेतल्या गाठींपर्यंत पोचतात, प्रतिकारशक्तीच्या पेशी दाटीनं तिथंच बसलेल्या असतात. त्याहून लहान असलं तर ते रक्तात निघून जातं, फार मोठं असलं तर टोचलेल्या जागीच पडून राहतं आणि कुठल्या तरी पेशीनं उचलून न्यायची वाट बघतं. म्हणजे लस बनवणाऱ्यानं हे माप मुद्दाम साधलेलं असतं, कारण त्याला कण मेंदूत नाही, काखेत न्यायचाय.

आणि तिथं गेल्यावर त्याचं होतं काय? पेशी तो कण गिळतात, तोडतात, तुकडे बाकीच्या पेशींना दाखवतात, उरलेल्याचे अमिनो आम्ल होतात. डाळीतल्या प्रोटीनचं शेवटी जे होतं तेच. राहण्यासारखं काही उरतच नाही, राहते ती आठवण. अॅल्युमिनियमचा एक क्षार मात्र सोबत असतो, प्रतिसाद वाढवायला, तो १९३० च्या आसपासपासून लशींत वापरात आहे, घटसर्प-धनुर्वाताच्या लशीत पण तोच.

सासूबाईंना एक विचारा, नातीला बाळपणी काविळीची लस, हिपॅटायटिस बीची, दिली होती ना? त्या लशीतला कण २२ नॅनोमीटरचा असतो, एचपीव्हीपेक्षा निम्म्याहून लहान. तोही यीस्टमध्येच बनतो, तोही प्रोटीन आणि थोड्या चरबीचा. अमेरिकेत १९८६ पासून आहे, आपल्याकडं हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं १९९७ ला देशी बनावटीची आणली आणि तिची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. ती लस घेतलेली मुलं आज आई-बाप झालेली आहेत, सगळ्या जगभर.

पूर्व_भाग_सोलापूर

सर तुमचं सगळं वाचलं, समजलं पण. पण मला एक सांगायचंय आणि ते मी मेसेज वाचून नाही बोलत. आमचे पाहुणे खम्मम जिल्ह्यात आहेत, आमच्या भागात निम्म्या घरांचे नातलग आंध्र-तेलंगणात आहेत. तिथं २००९ मध्ये ह्याच लशीचा प्रकल्प आला होता, पाथ नावाची अमेरिकन संस्था होती, आदिवासी मुलींच्या वसतिगृहांत जाऊन टोचलं. मुली दगावल्या म्हणून गाजावाजा झाला आणि एप्रिल २०१० ला सरकारनं ते थांबवलं. हे खोटं आहे का? लोक घाबरतात त्याला काहीतरी कारण असतं, सगळेच अडाणी नसतात. कणाची रचना कितीही चांगली असली तरी आमच्या पोरींवर न विचारता काही करायचं नाही, एवढंच आमचं म्हणणं.

फार्मसी_शिकवतो

खोटं अजिबात नाही. खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यात मिळून सात मुलींचे मृत्यू नोंदले गेले होते. चौकशी झाली, त्यात कुणी पाण्यात बुडून, कुणी साप चावून, कुणी मलेरियानं गेल्याचं आढळलं, लशीशी संबंध जोडता आला नाही. पण संमतीच्या बाबतीत तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. संसदेच्या स्थायी समितीनं ऑगस्ट २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले, वसतिगृहाच्या वॉर्डननी आणि मुख्याध्यापकांनी आई-बापाच्या जागी सह्या केल्या होत्या. ते चुकीचंच होतं आणि त्याची किंमत नंतर सगळ्यांनी मोजली, लस चांगली असूनही दहा-बारा वर्षं देशात तिचं नाव घ्यायला फारसं कुणी धजत नव्हतं. इथं ताई स्वतः चौकशी करून, स्वतः ठरवून देणार आहेत, हा फरक मोठा आहे.

बार्शीकर_मावशी

मला ह्यात बोलायचंच आहे. मी बार्शीची, कॅन्सर हॉस्पिटलच्या कामात खेड्यापाड्यांनी फिरलेली आहे, आता घरी असते. लोकांना माहीत नाही म्हणून सांगते, देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी आपल्या बार्शीत १९८७ ला सुरू झाली, नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये. गावोगाव जाऊन कुणाला कसला कॅन्सर झाला ते लिहून आणायचं काम. आणि बायकांमध्ये वरचेवर कोणता निघायचा तर हाच, गर्भाशयाच्या तोंडाचा. बाई पांढरं जातंय, रक्त जातंय म्हणून वर्ष वर्ष कुणाला सांगत नाही, शेतातलं काम चालूच, आणि आमच्याकडं यायची तेव्हा पार शेवटाला आलेली. पोरंबाळं लहान असायची हो. ज्यांनी ते बघितलंय त्यांना ही लस म्हणजे काय आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता खम्ममचं निघालं म्हणून पुढचं सांगते, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. २००९ मध्येच भारतात दुसरा एक मोठा अभ्यास चालू झाला होता, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेचा, त्यात बार्शी पण एक केंद्र होतं, पुणे, मुंबई, अहमदाबाद, हैदराबाद अशी बाकीची. दोन डोस पुरतात का तीनच लागतात ते बघायचं होतं. एप्रिल २०१० ला खम्ममच्या गडबडीत सगळीकडचंच लसीकरण थांबलं आणि बऱ्याच मुलींना एकच डोस मिळून राहिला. मग शास्त्रज्ञांनी त्या मुलींना सोडून नाही दिलं, वर्षानुवर्षं त्यांच्या मागं राहिले, साडेसतरा हजारांच्या आसपास मुली होत्या सगळ्या मिळून. २०२१ ला निकाल छापून आला, दहा वर्षांपर्यंत बघितल्यावर एक डोस घेतलेल्या मुलींमध्ये पण १६ आणि १८ नंबरच्या विषाणूचं टिकून राहणारं इन्फेक्शन ९५ टक्क्यांनी कमी निघालं, तीन डोसवाल्यांइतकंच. १६ आणि १८ म्हणजे ज्यांच्यामुळं दहातले सात कॅन्सर होतात ते. पुढं २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोसही चालेल असं सांगितलं त्यामागं आपल्या गावच्या पोरींच्या रक्ताचे नमुने पण आहेत. मला त्याचा लई अभिमान आहे.

एमएस्सी_चालू_आहे

मावशी हे मला खरंच माहीत नव्हतं, बार्शीत माझं आजोळ आहे आणि कुणी कधी सांगितलं नाही 🙏

सर, एका डोसमध्ये इतकी वर्षं टिकणं हे त्या कणाच्या रचनेमुळंच ना? म्हणजे आम्हाला शिकवताना सांगितलं होतं की प्रोटीनच्या लशीला बूस्टर लागतोच लागतो.

फार्मसी_शिकवतो

रचनेमुळंच, असं ह्या क्षेत्रातले बहुतेक लोक मानतात. साध्या प्रोटीनच्या लशीत अँटिबॉडी चढतात आणि उतरत जातात. एचपीव्हीच्या कणात चढतात, थोड्या उतरतात आणि मग एका पातळीला येऊन वर्षानुवर्षं तिथंच राहतात. ३६० प्रोटीनं इतकी दाट आणि नेमकी बसलेली असतात की बी पेशीला जो इशारा मिळतो तो खऱ्या विषाणूसारखाच, किंबहुना जास्तच ठसठशीत. म्हणूनच आता बाकीच्या रोगांसाठी लोक मुद्दाम असे कण घडवायला लागलेत. मलेरियाची आर-ट्वेन्टीवन लस घे, ऑक्सफर्डची, बनते आपल्या पुण्यात सीरममध्ये, २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली. त्यात मलेरियाच्या परजीवीच्या प्रोटीनचा तुकडा हिपॅटायटिस बीच्या त्याच प्रोटीनला जोडलाय, कण आपोआप तयार होतो आणि मलेरियाचा तुकडा बाहेरच्या बाजूला मिरवत राहतो. तिच्याबरोबर प्रतिसाद वाढवायला जे पूरक द्रव्य देतात, मॅट्रिक्स-एम, ते पण कणच आहे, चाळीसेक नॅनोमीटरचा, चिलीमधल्या क्विलाया नावाच्या झाडाच्या सालीतल्या सॅपोनिनचा. आपल्या रिठ्याला फेस येतो तोही सॅपोनिनमुळंच, फक्त झाड वेगळं आणि शुद्ध करायची पद्धत फार काटेकोर. कोविडच्या कोव्होव्हॅक्स लशीत पण हेच मॅट्रिक्स-एम होतं.

कोरियाच्या स्कायकोव्हिओन ह्या कोविडच्या लशीबद्दल वाच, २०२२ ची आहे. तो कण निसर्गात नव्हताच, सिअॅटलला वॉशिंग्टन विद्यापीठात कॉम्प्युटरवर आराखडा करून घडवला, त्यावर कोविडच्या विषाणूवरच्या स्पाइक प्रोटीनचा महत्त्वाचा तुकडा साठ जागी बसवलाय. तिथल्या डेव्हिड बेकरना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल प्रोटीन घडवण्यासाठीच मिळालं. प्रोजेक्टला विषय शोधत असशील तर ह्यात बरंच करण्यासारखं आहे.

शिलाई_आणि_संसार

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री बसून सासूबाईंना वाचून दाखवलं, काविळीच्या लशीचं ऐकून त्या जरा विचारात पडल्या. पण त्यांचं म्हणणं, मग कोविडच्या वेळी जे नॅनोपार्टिकल नॅनोपार्टिकल ऐकलं ते काय होतं, आपण सगळ्यांनी कोविशील्ड घेतलीय, ते गेलं का अंगात? आणि बाकी कशात नसतील पण काही कण राहत असतीलच की, सगळंच खोटं कसं असेल?

फार्मसी_शिकवतो

आजींचा प्रश्न अगदी रास्त आहे. क्रमानं सांगतो.

कोविशील्ड म्हणजे चिंपांझीच्या सर्दीचा, वाढू न शकणारा केलेला विषाणू. कोव्हॅक्सिन म्हणजे मारलेला आख्खा कोरोना विषाणू. दोन्हीत माणसानं बनवलेले नॅनोकण नव्हते. ज्यांच्यावर एवढी चर्चा झाली त्या फायझर आणि मॉडर्नाच्या लशी, त्या आपल्या सरकारी मोहिमेत आल्याच नाहीत. तुमच्या घरात कुणी परदेशात घेतली असेल तर वेगळी गोष्ट.

आता त्यांच्यातला कण काय असतो ते बघू, कारण भीती सगळी त्यावरून पसरलीय. एमआरएनए म्हणजे पेशीला दिलेला एक निरोप, हे प्रोटीन बनव असा. हा रेणू फार नाजूक असतो, आपल्या रक्तात, घामात, बोटांवर सुद्धा त्याला कापणारी एन्झाइम असतात, नुसता टोचला तर पेशीपर्यंत पोचायच्या आतच संपतो. म्हणून तो चार प्रकारच्या चरबीत गुंडाळतात. एक कोलेस्टेरॉल, एक फॉस्फोलिपिड जो आपल्या पेशींच्या आवरणात असतो तसलाच, एक पीईजी नावाचं रसायन लावलेला लिपिड, म्हणजे चरबीचा रेणू, जो कणांना एकमेकांना चिकटू देत नाही, आणि चौथा जो सगळ्यात हुशारीचा आहे. रक्तात असताना त्याच्यावर विद्युतभार नसतो, म्हणून तो पेशींना इजा करत नाही. पेशीनं कण गिळला की तो एका आंबट पिशवीत अडकतो, त्या आंबटपणात ह्या चौथ्या लिपिडवर धन भार येतो, पिशवीचं आवरण विस्कटतं आणि निरोप बाहेर पडतो. हे जमवायला कॅनडात पीटर कलिस आणि बाकीच्यांनी कित्येक वर्षं घालवली आणि पहिल्यांदा ते कामी आलं ते लशीत नाही, २०१८ मध्ये पाटिसिरान नावाच्या मज्जातंतूंच्या एका आनुवंशिक विकाराच्या औषधात. कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन ह्यांना २०२३ चं नोबेल मिळालं ते निरोपातली अक्षरं बदलून शरीराची चिडचिड कमी केल्याबद्दल. निरोप आणि गुंडाळी, दोन्ही नीट जमलं तेव्हा लस झाली.

हे चरबीचे कण बहुतेक टोचलेल्या जागी आणि जवळच्या गाठींत जातात, काही यकृतापर्यंत जातात हे खरं आहे, आणि ते लपवायचं काही कारण नाही. तिथं ते फुटतात आणि लिपिड पचतात. जोखीम शून्य होती असंही मी म्हणणार नाही. पीईजीची म्हणा किंवा कणातल्या बाकी कशाची, तीव्र ॲलर्जी दहा लाखांत पाचेक जणांना आली, म्हणून टोचल्यावर बसवून ठेवतात. तरुण मुलांमध्ये दुसऱ्या डोसनंतर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याच्या दुर्मिळ केसेस झाल्या. पण ही चरबीच्या कणांची गोष्ट एचपीव्हीच्या लशीला लागू होत नाही, तिच्यात एमआरएनए नाही, ती चरबीची गुंडाळी नाही, पीईजी लिपिड नाही.

आणि राहणाऱ्या कणांचं म्हणाल तर आजींचा अंदाज बरोबर आहे. सोन्याचे कण, सिलिकाचे कण ह्यांच्यावर प्रयोगशाळांत काम चालतं आणि सोन्यासारखा कण शरीर पचवू शकत नाही, तो यकृतात आणि प्लीहेत दीर्घकाळ राहू शकतो. त्यामुळंच तर लशीसाठी संशोधकांचा कल विरघळणाऱ्या पदार्थांकडं जास्त आहे. पीएलजीए म्हणून एक आहे, टाके घालायचा विरघळणारा धागा त्याच कुळातल्या पदार्थाचा असतो, त्याचं शेवटी लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होतं आणि शरीर ते बाहेर टाकतं. मेसेज लिहिणाऱ्यानं कुठल्या तरी प्रयोगातल्या धातूच्या कणाची गोष्ट उचलून सगळ्या लशींना लावलीय असं मला वाटतं. मुलं न होण्याचं म्हणाल तर जगभर कोट्यवधी मुलींना एचपीव्हीची लस दिल्यावर तसा पुरावा मिळालेला नाही. उलट ह्या कॅन्सरच्या उपचारात अनेकदा गर्भाशय काढावं लागतं, ते आजींना जरूर सांगा.

लस_भांडार_मंगळवेढा

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात लशींचं भांडार सांभाळतो. कणाबिणाचं सर सांगायलेत ते बरोबरच आहे, पण माझ्या मते आपल्या जिल्ह्यात खरी काळजी लस कशी ठेवली त्याची करायला पाहिजे, आणि त्यावर कुणी बोलत नाही.

लोकांना वाटतं सोलापूरचं ऊन म्हणजे लस गरमीनं खराब होणार. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला जातो, लाइट जाते, ते सगळं खरं, पण त्यासाठी आइस लाइन्ड फ्रीज असतो, लाइट गेली तरी आतला बर्फ तास न् तास थंड ठेवतो, सरकारी कार्यक्रमातल्या बाटलीवर व्हीव्हीएमचा चौकोन असतो तो उष्णतेनं काळा पडत जातो आणि लगेच कळतं. पण लस गोठली तर बाटली बघून पटकन कळत नाही. एचपीव्ही, काविळीची, पेंटा, धनुर्वाताची, ज्यात अॅल्युमिनियम आहे ती लस गोठली की अॅल्युमिनियमच्या कणांचे गठ्ठे होतात, वर चिकटलेलं प्रोटीन सुटतं, आणि परत वितळवलं तरी ते जुळत नाही. लस दिल्यासारखी दिसते पण काम करत नाही. त्यामुळं ह्या लशी फ्रीजच्या तळाला ठेवायच्या नाहीत, वरच्या जाळीत ठेवायच्या, आणि कॅरिअरमध्ये, म्हणजे लस न्यायच्या डब्यात, भरायच्या आधी आइस पॅक बाहेर काढून घाम सुटेपर्यंत ठेवायचे, हलवल्यावर आत पाणी खळखळलं पाहिजे, मगच भरायचे. घाईत असतो तेव्हा हीच पायरी गाळाविशी वाटते, आणि तीच गाळायची नसते. म्हणून खाजगीत देणार असाल तरी विचारा, लस दोन ते आठ डिग्रीतच होती ना, घरगुती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याला टेकून तर नव्हती. विचारायला लाजू नका, चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

आणि सर, एमआरएनएच्या लशी उणे सत्तरला ठेवाव्या लागतात म्हणायचे, ते आमच्याकडं आलं असतं तर आम्ही काय केलं असतं? हा प्रश्न मला खरंच पडला होता तेव्हा.

फार्मसी_शिकवतो

फार महत्त्वाचं लिहिलंत, हे मी वर लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. फायझरची उणे ७० च्या आसपास, मॉडर्नाची उणे २०. एमआरएनए पाण्यात हळूहळू तुटत राहतो म्हणून गोठवायची, आणि गोठवताना चरबीचे कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यात साखर घालतात, सुक्रोज, आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांतून पोत्यांनी निघते तीच, फक्त औषधाच्या दर्जाची. यावर पुण्याच्या जेनोव्हा कंपनीनं काम केलं. त्यांच्या जेमकोव्हॅक-ओएम ह्या कोविडच्या एमआरएनए लशीला २०२३ मध्ये परवानगी मिळाली, ती पावडर स्वरूपात वाळवलेली आहे, साध्या दोन ते आठ डिग्रीत राहते आणि सुई न टोचता त्वचेत दिली जाते. मंगळवेढ्याच्या भांडारात बसेल अशी एमआरएनए लस बनवणं हे माझ्या मते ह्या सगळ्या क्षेत्रातलं आपल्यासाठी सगळ्यात उपयोगाचं काम आहे. उणे सत्तरवर शोधनिबंध निघतात, पण गावात ती पोचत नाही.

पूर्व_भाग_सोलापूर

गोठण्याचं हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. सर, मावशी, तुम्ही खम्ममचं झटकून टाकलं नाही, संमतीचं चुकलं ते चुकलं म्हणालात, म्हणून बाकीचं पण ऐकावंसं वाटलं. माझ्या बहिणीची मुलगी दहावीत आहे, सोळा पूर्ण. तिला उशीर झाला का?

बार्शीकर_मावशी

उशीर नाही झाला. पंधराच्या पुढं सर्वाव्हॅकचे तीन डोस आहेत, आज, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. नऊ ते चौदाला दोन, सहा महिन्यांच्या अंतरानं. एका डोसचं मी वर लिहिलं ते संशोधनाचं झालं, डॉक्टर तुमच्या हातात जी लस देतील तिचं जे वेळापत्रक असेल तेच पाळा. मुलग्यांना पण देतात बरं का.

आणि शिलाईवाल्या ताई, मुलीचं झालं, आता तुमचं. लस घेतली तरी पुढं तपासणी लागतेच, आणि तुमच्या वयाला तर तपासणीच जास्त महत्त्वाची. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजार बायकांवर अभ्यास झाला, मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या आणि बार्शीच्या लोकांनी केला, २००९ ला निकाल आला. एकदाच एचपीव्हीची टेस्ट करून त्यावर उपचार केले तरी ह्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तीस ओलांडली असेल तर तुम्ही पण करून घ्या, आणि सासूबाईंना कुठलाही रक्तस्राव होत असेल तर त्यांना पण न्या. लाजायचं नाही.

शिलाई_आणि_संसार

मावशी, तुमचं शेवटचं वाचून मीच गप्प झाले, माझी कधीच तपासणी झालेली नाही. सासूबाई म्हणाल्या, कार्डावर काविळीच्या लशीची तारीख बघू, जुनं कार्ड काढून बघितलं तर आहे नोंद. येत्या शनिवारी शाळा सकाळची असते, तेव्हा नेणार आहे, त्या पण येणार म्हणाल्या. सोबत काय विचारायचं, काय बघायचं तेवढं एकदा सांगा.

लस_भांडार_मंगळवेढा

उपाशी नेऊ नका, खाऊन घेऊन जा. डब्यावरची एक्स्पायरी आणि बॅच नंबर बघा, बॅच नंबर कार्डावर लिहून घ्या. लस टोचायच्या आधी बाटली किंवा सिरिंज हलवल्यावर पांढुरकं एकसारखं दिसलं पाहिजे, खाली गुठळ्या बसलेल्या दिसल्या तर घेऊ नका. आधी कुठल्या लशीची किंवा यीस्टची ॲलर्जी झाली असेल तर सांगा, त्या दिवशी ताप असेल तर पुढं ढकला. टोचताना मुलीला बसवा, उभी नको, ह्या वयात पोरींना सुईच्या भीतीनं चक्कर येते, त्यामुळं नंतर पण पंधरा मिनिटं तिथंच बसा. दंड दुखेल, थोडा ताप येईल, पॅरासिटामॉल चालतं. दुसरा डोस सहा महिन्यांनी आहे, तारीख परीक्षेत येत असेल तर चार-आठ दिवस पुढं गेलं तरी चालतं, पण आधी नको.